पायरीवरची दहा मिनिटं

२ मार्च, रविवार

सकाळी साडेदहाला पोचलो. घर ठीक आहे. फोटोत दिसलं होतं त्यापेक्षा चांगलंच आहे. पुढे एक मोठी खोली, तिच्यात खिडकीशी टेबल. मागे स्वयंपाकघर, बाजूला बाथरूम. स्वयंपाकघराला लागून आणखी एक लहान खोली आहे, पण तिला कडी घातलेली असते. मालकीणबाई म्हणाल्या, तिच्यात जुनं सामान आहे, तुम्हाला काही लागायची नाही ती. त्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात. बोलतात भरपूर. किल्ली हातात पडेपर्यंत त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचा इतिहास ऐकून झाला. माझ्याबद्दल त्यांनी फारसं विचारलं नाही, ते बरं झालं.

सामान लावण्याआधी सगळं तपासून घेतलं. टेबलाची उंची बरोबर. खुर्ची किरकिरते, पण पाठीला आधार आहे. इंटरनेट सांगितलं होतं त्याहून वेगवान. दुपारचं ऊन स्क्रीनवर येत नाही. वाण्याचं दुकान चार मिनिटांवर, दवाखाना अकरा मिनिटांवर. हिच्या तक्त्यातल्या आकड्यांशी सगळं ताडून पाहिलं. एकही आकडा चुकलेला नाही.

ही म्हणजे माझी बायको. लग्न झाल्यापासून तिचा उल्लेख मी असाच करत आलो, आता रोजनिशीत वेगळं कशाला. गेल्या ऑगस्टमध्ये ती गेली.

शेवटी शांततेची चाचणी केली. दारं-खिडक्या लावल्या, टेबलावर फोन ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं, बाहेरून कुलूप घातलं आणि पायरीवर दहा मिनिटं बसलो. मग आत येऊन हेडफोन लावून ऐकलं. काहीही नाही. फ्रीजसुद्धा निमूट. दहापैकी दहा गुण दिले.

बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. पायरी दोघांपुरती आहे.

४ मार्च, मंगळवार

काम सुरळीत सुरू झालं. माझं काम ऐकण्याचं आहे. कंपन्यांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग येतं, यंत्राने लिहिलेला मजकूर येतो, आणि मी ऐकून तो दुरुस्त करतो. कोण बोललं, कुठल्या सेकंदाला, कोण मध्येच खोकलं, सगळं. जे कळत नाही तिथे ‘अस्पष्ट’ लिहायचं. वीस वर्षं हेच करतोय. ऑफिस सुटलं, काम सुटलं नाही. लॅपटॉप उघडला की मी कामावर, मग मी कुठेही असेना.

त्या ‘कुठेही’चीच आम्हाला भूल पडली होती. हिचंही काम घरूनच होतं. ती म्हणाली, मग एकाच घरात म्हातारं व्हायचं कशाला, दर सहा महिन्यांनी गाव बदलू. मी हो म्हणालो. मी बहुतेक वेळा हो म्हणत असे. तिने तक्ता केला. अकरा ठिकाणं, प्रत्येकापुढे चौदा रकाने. इंटरनेट, खुर्ची, ऊन, पाणी, दवाखाना, शेजार. चौदावा रकाना शांततेचा, आणि तो मात्र मी भरायचा, कारण कान माझे. सरावासाठी आम्ही ओळखीच्यांच्या घरीसुद्धा चाचणी करायचो. लोकांना वाटायचं यांचं काहीतरी बिनसलंय, दोघं कुलूप लावून बाहेर बसलेत. पायरीवर ती बिस्किटं काढायची आणि दहा मिनिटं कुजबुजत बोलायची. खरं म्हणजे मला ती दहा मिनिटंच आवडायची.

अकरापैकी फक्त हे एक ठिकाण ती स्वतः बघून गेली होती. गेल्या वर्षी जानेवारीत, कामासाठी या बाजूला आली होती तेव्हा. चार दिवस राहणार होती, तिसऱ्या दिवशीच परतली. म्हणाली, इंटरनेटचा घोळ होता. एप्रिलमध्ये दुखणं कळलं आणि तक्ता तसाच राहिला.

या जानेवारीत मी तो उघडला. दहा ओळी पांढऱ्या, एक पिवळी. पिवळ्या ओळीत तेरा रकाने भरलेले, शांततेचा रिकामा. म्हणजे घर तिने निवडून ठेवलं होतं आणि माझा रकाना माझ्यासाठी सोडला होता. आमच्या कामातही महत्त्वाचं ते पिवळं करतात. मी दुसरं काही शोधलंच नाही.

दुपारी पावणेचारच्या सुमाराला चहा घेतो. तेव्हा तिचे फोनवरचे जुने निरोप लावतो. एकूण एकतीस आहेत. अहो, येताना दूध आणा. अहो, चावी विसरलात. अहो, काही नाही, सहज. घर शांत असल्यामुळे इथे ते फार स्वच्छ ऐकू येतात.

७ मार्च, शुक्रवार

मेहुणीचा फोन आला. हिची धाकटी बहीण. भाऊजी, दिवसभर भिंतींशी बोलत बसू नका, चार माणसांत जा, म्हणाली. म्हणून आज इथल्या को-वर्किंगच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. लांब टेबलं, माना खाली घातलेली माणसं, कानांत इअरफोनची बोंडं. सगळी माझ्यासारखीच, आज इथे तर उद्या तिथे. वयाने मात्र माझ्या निम्मी.

एकजण आतही टोपी घालून बसतो, त्याला सगळे टोपीवालाच म्हणतात. चहाच्या वेळी कोण गाव कसं निवडतं यावर गप्पा निघाल्या. एक मुलगी म्हणाली, ती आधी इंटरनेट बघते, मग खिडकी, मग माणसं. टोपीवाला तिला म्हणाला, तू माणसं तिसरी बघतेस म्हणून लग्न जमत नाही तुझं. ती म्हणाली, आणि तू तर आरसाही बघत नाहीस. तो म्हणाला, मी जागा निवडतच नाही बाई, जिथून हाकलत नाहीत तिथे राहतो. मला विचारलं, काका, तुम्ही हे गाव कसं निवडलंत? मी म्हणालो, बायकोने निवडलं. सगळे खळखळून हसले. टोपीवाला म्हणाला, म्हणजे काका, हुकमाचे ताबेदार! मग वहिनी कधी येतायत?

मी म्हणालो, येईल.

का म्हणालो कोण जाणे. दुरुस्त करायला तोंड उघडलं नाही. घरी आलो, चहा ठेवला, आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हटलं, येईल म्हणून सांगितलंय मी सगळ्यांना. त्यानंतर निरोप लावले. आज दोनदा लावले.

११ मार्च, मंगळवार

काम करताना हेडफोनमध्ये मागे काहीतरी घरघरतंय असं दोन दिवस वाटत होतं. फ्रीज असेल म्हणून त्याचा प्लग काढून पुन्हा चाचणी केली. बाहेर कुलूप, पायरीवर दहा मिनिटं, सगळं रीतसर.

सहाव्या मिनिटाला एक आवाज आहे. दोन सेकंद. फ्रीजचा नाही. यंत्राचा आवाज एका सुरात असतो. हा सुरुवातीला बंद आहे आणि मग उघडतो, तोंड उघडतं तसा. कोणीतरी घसा तपासून बघतंय, असा.

शेजारचं घर बरंच लांब आहे. तरी आवाज कुठून कुठे जातो सांगता येत नाही. दहाचे नऊ केले.

लहान खोलीची कडी थोडी सरकली होती. पूर्ण बसवली.

१४ मार्च, शुक्रवार

हॉलमध्ये गेलो नाही. टोपीवाल्याने परवा पुन्हा वहिनींबद्दल विचारलं होतं.

आज तिसऱ्यांदा चाचणी केली. आवाज पाच वेळा आहे. पहिल्या तीन वेळा नुसता ‘अ’. चौथ्यांदा ‘अ’ आणि त्यामागे हवेसारखं काहीतरी. पाचव्यांदा ‘अहो’.

पंधरा-वीस वेळा ऐकलं. पट्टी हिची आहे. ‘हो’वर किंचित खाली येण्याची लकबही हिचीच. मी खुर्चीत बसून राहिलो. घाबरलो असं लिहिणं खोटं होईल. मला आनंद झाला. इतका की उठून आतबाहेर फेऱ्या मारल्या.

मग ते तिच्या निरोपांशेजारी ठेवून पाहिलं. हे माझं रोजचंच काम, दोन आवाज एका माणसाचे की दोघांचे. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माणूस बोलण्याआधी श्वास आत घेतो. कितीही हळू घेतला तरी तो येतो, आम्ही त्यावरूनच बोलणारा बदलला हे ओळखतो. हिच्या एकतीसच्या एकतीस निरोपांत ‘अहो’च्या आधी तो आहे.

आजच्या ‘अहो’च्या आधी श्वास नाही.

१५ मार्च, शनिवार

हिने इथे चाचणी केलीच असणार, हे मला आज सुचलं. नेहमीचा नियम तो. हिचा फोन मी बॅगेत ठेवतो, दर रविवारी चार्ज करतो. त्यात सापडलं. गेल्या वर्षीची १९ जानेवारी, दुपारी ३:३२. लांबी नऊ मिनिटं सतरा सेकंद. दहा नाही. दहा पुरी होण्याआधी हिने कधीच बंद केलं नव्हतं.

तिच्या वेळी घर रिकामं होतं. ती बाहेर पायरीवर बसली असणार, एकटी. जे ऐकू येतं ते कामात लिहितो तसंच लिहून काढतो.

०:०० शांतता.
२:१० खुर्ची किरकिरते. कोणीतरी बसलं.
२:४० घसा साफ केल्याचा आवाज, दोनदा. पुरुष, मध्यमवयीन.
३:३० कीबोर्ड.
५:०५ कपात चमचा.
६:२० कागदावर पेन. बराच वेळ.
७:५० लिहिणं मध्येच थांबतं. पेन ठेवलं. खुर्ची मागे.
८:०५ नळ. कप विसळतात.

इथे थांबवलं. पुढचं ऐकवलं नाही.

कुलूपबंद घरात पुरुष होता आणि ती बाहेर पायरीवर बसली होती. मला काही बोलली नाही. इंटरनेट म्हणाली.

१६ मार्च, रविवार

मालकीणबाईंकडे गेलो. गेल्या जानेवारीत घरात दुसरं कोणी होतं का, किल्ली कोणाकडे होती, असं आडून विचारलं. त्या म्हणाल्या, छे हो, एकच किल्ली, ती तुमच्या मिसेसकडे. त्यांना ही चांगली आठवते. किल्ली द्यायला आली तेव्हा तोंडावर रक्त नव्हतं म्हणाल्या. मालकीणबाई सांगत होत्या, मी म्हटलं बसा, पाणी घ्या, तर तुमच्या मिसेसनी उभ्याउभ्याच विचारलं की घर कोणाकोणाला देता. मी म्हटलं, तुमच्यासारखेच येतात, लॅपटॉपवाले. एकटेच असतात बहुतेक. तर म्हणाल्या, एकट्याला देऊ नका.

मालकीणबाई यावर हसल्या. म्हणाल्या, आता जोडपी कोण येतंय इतक्या लांब? आणि एकटी माणसं बरी असतात, भांडण नाही, तक्रार नाही. एक दिवस निघून जातात, बस्स. सांगतसुद्धा नाहीत. सामानसुद्धा टाकून जातात! तुमच्या त्या लहान खोलीत तेच तर आहे. मी फोन लावते, लागत नाही. न्यायलाही कोणी येत नाही. अशी कशी हो तुमच्यातली माणसं, मागे कोणी विचारणारंच नसतं?

मी म्हणालो, असतं कोणीतरी.

चहा न घेताच उठलो.

१७ मार्च, सोमवार

तो पुरुष कोण हे कळेना म्हणून पहिल्या आठ मिनिटांचा तुकडा मेहुणीला पाठवला. ओळखीतला कोणी असेल तर ती ओळखेल असं मनात होतं. काय वाटलं असेल मला, ते आता लिहीत नाही. लाज वाटते.

पाच मिनिटांत फोन. रडत होती आणि रागावलीही होती. भाऊजी, असली थट्टा करतात का? मी म्हणालो, कसली थट्टा. ती म्हणाली, हे तुम्हीच आहात की. तो खोकला तुमचाच. आमच्या आईकडे जेवायला यायचात तेव्हा दारातून आधी तुमचा खोकला यायचा, दोनदा, मग तुम्ही. ताई म्हणायची, बघा, आली आमची मोटार.

मी दुसऱ्यांचे आवाज ऐकत वीस वर्षं काढली. स्वतःचा कधी ऐकला नाही. पुन्हा लावून पाहिलं. किरकिरते ती हीच खुर्ची आहे. कपात चमचा मी तीनदा फिरवतो आणि एकदा काठावर आपटतो. तिथेही तीनदा आणि एकदा.

तिला तारीख सांगितली. त्या दिवशी मी आमच्या घरीच होतो.  तिने विचारलं, तुम्ही आत्ता कुठल्या घरात आहात? मी म्हणालो, ताईने निवडलेल्या. तक्त्यात पिवळी ओळ होती त्या.

ती ओरडलीच. भाऊजी, पिवळं म्हणजे नको! लहानपणापासून आमचं तसंच. खोक्यात पिवळा खडू कधी संपायचा नाही, म्हणून नको ते सगळं आम्ही पिवळ्याने रंगवायचो. भाज्यांच्या यादीत कारलं पिवळं, स्थळांच्या यादीत अर्धी स्थळं पिवळी. तुम्हाला एवढं माहीत नाही?

नव्हतं माहीत. एकोणीस वर्षांत याद्या सगळ्या तीच करायची, मी फक्त हो म्हणायचो.

मेहुणी म्हणाली, दवाखान्यात शेवटी ताईने तिच्याकडून एकच वचन घेतलं होतं, यांना एकटं राहू देऊ नकोस. तिला वाटलं, सगळेच सांगतात तसं सांगतेय. आत्ताच्या आत्ता निघा, माझ्याकडे या, म्हणाली.

येतो म्हणालो.

१८ मार्च, मंगळवार

बॅग भरली. उद्या गाडी मिळत नाही, परवाची सांगितली आहे. दुपारी बारा.

निरोप लावणं बंद केलं. उशिराच सुचलं. सतरा दिवस मी इथे रोज एकतीस धडे दिले. ‘अहो’ शिकवलं मीच, येईल असं सांगितलंही मीच.

जेवणानंतर पाहिलं तर कडी अर्धी निघालेली. ती या बाजूला आहे, आतून सरकवता येत नाही. हे मी स्वतःला दोन-तीनदा सांगितलं आणि मग स्वतःच ती काढली. बघून टाकलेलं बरं.

पाच बॅगा. भिंतीशी ओळीने. प्रत्येकीवर बंद लॅपटॉप, त्यावर गुंडाळून ठेवलेले हेडफोन. कोणीतरी नीट ठेवल्यासारखे. धूळ बोटभर. फक्त ओळीच्या शेवटी, पाचव्या बॅगेपलीकडे, एक चौकोन स्वच्छ आहे. झाडून पुसून काढलेला. एक बॅग मावेल एवढा.

कडी लावली. दोनदा निसटली.

१९ मार्च, बुधवार

जेवलो नाही. दार उघडं टाकून पायरीवर बसलोय, इथेच लिहितोय. रस्त्याने माणसं जातात. एकाने नमस्कार केला. त्याला थांबवून काय सांगायचं?

मेहुणीचे तीन फोन. उद्या निघतो म्हणून कळवलं.

उरलेलं ऐकलं. ऐकायला हवंच होतं. आवाज वाढवून, एकेक सेकंद.

८:२२ कडी.
८:२७ मी – ‘आलीस?’
८:३१ ‘अहो.’ लहान खोलीकडून. हिचा आवाज. आधी श्वास नाही.
८:३६ मी – ‘नाही.’
८:४० पावलं. अनवाणी. हळू. एका माणसाची असावीत, पण – अस्पष्ट.
९:०५ पावलं थांबतात. फोनच्या अगदी जवळ.
९:०८ मी काहीतरी पुटपुटतो. अस्पष्ट.
९:१४ पुढच्या दाराचं कुलूप. दार उघडतं. श्वास.
९:१५ ‘अहो? तुम्ही आत –’
९:१७ समाप्त.

दुसरं ‘अहो’ पुढच्या दारातलं. त्याच्याआधी श्वास आहे. धाप लागलेला, भ्यालेला, पण श्वास आहे. ती पायरीवरून उठली. माझा आवाज तिला दाराबाहेर ऐकू आला आणि ती कुलूप काढून आत धावली. पळून नाही गेली. आत आली.

आणि घर रिकामं होतं.

हे मनात ठेवून ती मला म्हणाली, इंटरनेटचा घोळ होता.

‘आलीस?’ पुन्हा लावलं. तो आवाज माझा आहे, पण असा मी ऑगस्टनंतर एकदाही बोललेलो नाही. त्या माणसाला आनंद झालाय.

२० मार्च, गुरुवार

बाराला गाडी आली. ड्रायव्हर चांगला माणूस. बॅग उचलायला पुढे झाला. मी पायरीवर उभा होतो, किल्ली हातात. तो म्हणाला, चला साहेब, एवढंच सामान? मागे काही राहिलं नाही ना?

मी म्हणालो, राहिलंय.

परत पाठवलं त्याला. दोनदा विचारलं त्याने, बरं वाटतंय ना म्हणून.

मेहुणीला निरोप ठेवला – रागावू नकोस. मोटार आली नाही तर मला शोधायला ये, पण एकटी येऊ नकोस. दुपारी तर नकोच.

ती उचलत नाहीये. बरंच आहे.

दोन वाजता. हे लिहून ठेवतो, म्हणजे ठरवलं का ते कळेल. रेकॉर्डिंगमधली ती नऊ मिनिटं माझ्याकडून अजून व्हायची आहेत. मी गेलो, तर त्या दिवशी दार उघडून हिने हाक कोणाला मारली? ती आत येईल आणि मी नसेन. एकदा तसं झालंच आहे, तिने पाहिलं रिकामं घर. मला फक्त तो श्वास ऐकायचाय. एक श्वास, एक ‘अहो’. त्यानंतरचं मोजत नाही.

हिने नको म्हटलं होतं. स्वच्छ पिवळं करून ठेवलं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिचं ऐकत नाहीये.

तीन वाजून पंचवीस. टेबल पुसलं. खुर्ची – सगळं जागच्या जागी.

घशात खवखवतंय. दाबून धरलं तरी येतोच खोकला. दोनदा.

कामाची एक फाइल उगाच उघडली, चार ओळी दुरुस्त केल्या. चहा केला. चमचा फिरवायचा नाही असं ठरवलं होतं. फिरवला. तीनदा.

कडी इथून दिसते. टोकाला आली आहे. तिकडे बघत नाही.

कडीपासून दारापर्यंत बावन्न सेकंद. मोजून ठेवलेत. तोंड पुढच्या दाराकडे ठेवायचं. मागून काहीही म्हणो, वळायचं नाही. श्वास नसेल तर ती नाही. हे एवढं मला येतं, वीस वर्षं हेच –

तीन वाजून एकोणचाळीस.

पायरीवर कोणीतरी बसलंय. दाराखालच्या फटीत सावली आहे. बिस्किटाचा कागद वाजतोय, हळूच, कुजबुजल्यासारखा. हाक मारता येत नाही, चाचणी सुरू आहे, आत आवाज करायचा नाही – नियम आमचाच.

चहा संपला. कप तसाच टाकलेला हिला चालत नसे. विसळतो आणि –